शेवटचे पाच बॉल

प्रिय कुशल,

पत्र पाहून तू पहिले हसशील, मला माहीत आहे. "याले काय झालं बे, मोबाइल हरवला का?" असं नोकरीवरच्या त्या शिलाँगच्या थंडीतून घरी प्रणालीला फोन लावून विचारशीलसुद्धा. हास बाप्पा. एवढं पहिलं पान तरी हसत वाच. या महिन्यात मी तुला चार फोन केले, चारही वेळा हेच सांगायला केले. आणि चारही वेळा तू उचलताबरोबर "बोला, काटोलचे संत्रासम्राट!" म्हणालास, मी दात काढले आणि ग्राउंडवरच्या गवताबद्दल बोलून फोन ठेवला. तोंडानं होत नाही म्हणून हातानं करून राहिलो आहे. लिहायला बसलं की शाळेतली मराठी आपोआप येते, 'तुले-मले' कागदावर उतरत नाही, त्यासाठी तोंड वाकडं करू नको.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे वाचून झाल्यावर तू माझ्याशी बोलणं बंद करशील, असं होऊ शकते. तुझ्या पोरीला, रुचिकाला, माझ्या हाताखालून काढून दुसऱ्या कुणाकडे देशील, असंही होऊ शकते. दोन्ही गोष्टींचा तुला हक्क आहे आणि मी चकार शब्द काढणार नाही. फक्त मध्येच फाडू नको. शेवटपर्यंत वाच आणि मग जे करायचं ते कर.

आधी घरचं सांगतो, म्हणजे तुझा जीव थाऱ्यावर राहील. हुडकेश्वरचं आपलं ग्राउंड ठीक आहे. रस्त्याकडच्या गोलसमोरचा खड्डा मी मुरूम टाकून बुजवला. बाजूच्या प्लॉटवर इमारत उठून राहिली आहे, त्यामुळे दर दोन दिवसांनी एक बॉल तिसऱ्या मजल्यावर जातो आणि तिथला सेंट्रिंगवाला तो इतक्या जोरात परत मारतो की मी त्याला टीममध्ये घ्यायच्या विचारात आहे. तुझे बाबा, ईश्वरदासकाका, रोज सकाळी सव्वासहाला आपली खुर्ची घेऊन गोलच्या मागे हजर असतात. जन्मभर हातमागावर कापड विणलेला माणूस, नजर अजून बॉलच्या मागे धोट्यामागे जावी तशी इकडून तिकडे जाते. तुझ्या आईचा, आपल्या गोदूकाकूचा, गुडघा तसाच आहे. डॉक्टरनं जिना चढू नको सांगितलं, तर ती जिना चढून गच्चीवर पापड घालते. परवा मला जेवायला बसवलं आणि प्रणालीला म्हणाली, "पाह्य वं, कसा वाळला हा." माझं वजन मागच्या वर्षीपेक्षा सहा किलोनं जास्त आहे, कुशल. पण तिच्या डोळ्यांना तिचे दोन्ही पोट्टे, तू आणि मी, कायमचे उपाशीच दिसतात. त्या माउलीनं वाढलेली भाकर मी बारा वर्षांपासून मान खाली घालून खातो आहे. काहून, तेच सांगायचं आहे.

तुला आपली पहिली भेट आठवते? मला तर बुटांच्या लेससकट आठवते. जिल्ह्याच्या एकोणीस वर्षांखालच्या फुटबॉल टीमची निवड होती. मी काटोलहून पहिल्या बसनं आलो होतो, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात आमच्या बाबानं, महादेवरावांनी, दिलेली संत्र्यांची पिशवी. "साहेबाले दे, म्हणजे ते नाव ध्यानात ठेवतील," हा बाबाचा हिशोब. त्यातली चार संत्री तू गोलच्या मागे बसून खाल्लीस आणि सालं माझ्याच पिशवीत टाकलीस. मग माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्याकडे ग्लोव्हजच नाहीत हे तुझ्या ध्यानात आलं. आपण दोघं एकाच जागेसाठी आलो होतो. दुसरा कुणी असता तर आकाशात पाहत बसला असता. तू स्वतःचे काढलेस, घामानं चिंब झालेले, आणि माझ्याकडे फेकलेस. "संत्र्याचे पैसे वळते झाले," म्हणालास. संध्याकाळी यादी लागली तेव्हा तू पहिला होतास आणि मी दुसरा. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं नव्हतं. दुसरा तर दुसरा, घरी जाऊन सांगायला काहीतरी होतं.

मग तो क्रम काही बदलला नाही. मुंबईच्या त्या खात्याच्या टीममध्ये तू पहिला, मी दुसरा. गोव्याच्या क्लबनं तुला बोलावलं तेव्हा तू त्यांना काय म्हणालास ते मला त्यांच्याच मॅनेजरनं नंतर सांगितलं: "मी येतो, पण दुसरा गोलकीपर माझा आणतो." कोण करते असं, सांग बरं? मी काटोलला पेढे वाटले. पण कुशल, तुझ्या शब्दावर मी तिथं आहे, ही गोष्ट आठ वर्षं रोज सकाळी माझ्यासोबत उठायची. जेवणाच्या टेबलावर कुणी मला 'कुशलचा दोस्त' म्हणून ओळख करून दिली की मी हसायचो आणि आतून जळायचो. आणि जळतो म्हणून माझी मलाच लाज वाटायची. स्ट्रायकर सहा असतात, कधी हा तर कधी तो. गोलकीपरचं तसं नाही. पहिला उभा आहे तोवर दुसऱ्यानं बाकावर बसायचं, पिवळं बनियन घालून टाळ्या वाजवायच्या. मोडला, आजारी पडला किंवा चुकला, तरच आपला नंबर. म्हणजे आपलं चांगलं व्हायचं तर दोस्ताचं वाईट व्हावं लागते. आठ वर्षांत मी अकरा सामने खेळलो. चार तुझ्या तापामुळे, दोन तुझ्या लग्नामुळे. उरलेल्या पाचांकडे मी येतोच.

दुसऱ्या गोलकीपरचं खरं काम सामन्याआधी असते, हे लोकांना माहीत नसते. तुला काय सांगायचं, पण मला ते लिहायचं आहे. पंचवीस मिनिटं पहिल्याचे हात गरम करून द्यायचे. आधी हातानं सरपटते बॉल, मग गुडघ्याच्या उंचीचे, मग बाजूनं उंच उचललेले, मग कोपऱ्यात जोराचे. आणि शेवटचे पाच बॉल थेट छातीवर, अलगद, डोळे मिटूनही पकडता येतील असे. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण प्रत्येक दुसरा गोलकीपर हे पाळतो. कारण पहिल्यानं मैदानात जाताना त्याच्या हातात शेवटची आठवण पकडलेल्या बॉलची असावी, सुटलेल्याची नाही. तू म्हणायचास, जित्याचे शेवटचे पाच मिळाले की मला वाटते आज माझ्या बापालाही गोल मारता येणार नाही.

बारा वर्षांपूर्वीचा मडगावचा तो सेमीफायनल. देशाच्या शिबिरासाठी खेळाडू निवडणारे दोघे वरच्या गॅलरीत बसले आहेत हे आपल्याला सकाळीच कळलं होतं. त्यांना गोलकीपर हवा होता आणि सगळ्यांच्या तोंडी तुझंच नाव होतं. ईश्वरदासकाका नागपूरहून पहिल्यांदा तुझा सामना पाहायला आले होते, नवा पांढरा शर्ट घालून. आणि त्याच सकाळी आपल्या कोचनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुढच्या वर्षी क्लब एक जवान दुसरा गोलकीपर आणणार आहे, तू तुझं पाहून घे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू माझ्यासाठी पुन्हा जाऊन भांडला असतास, आणि ते मला नको होतं.

मी तुझे हात गरम केले. सरपटते, उंच, कोपऱ्यातले, सगळे नीट. शेवटच्या पाचातले चार तुझ्या छातीवर दिले. पाचवा बॉल मी पायाशी घेतला, तेवढ्यात तुला गॅलरीत काका दिसले. तू डावा हात वर केलास आणि त्यांच्याकडे पाहून हसलास. उजवा हात अर्धवट उघडा, बॉल येईल तिकडे ठेवलेला, सवयीनं. माझ्याकडून अलगदच येणार हा तुझा भरवसा. तू पाहत नव्हतास, कुशल, आणि तू पाहत नाहीस हे मला दिसलं होतं. मी पूर्ण ताकदीनं मारला. अंगठा मोडावा असं माझ्या मनात नव्हतं, गोदूकाकूच्या हातच्या अन्नाची शपथ. पण तुझा हात आज कापावा, तू एकदा तरी चुकावास, हे मनात होतं. हे होतंच. पाय निसटला, अंदाज चुकला, असलं काही झालं नाही. हे वाक्य लिहायला मला आज तासभर लागला.

तू "आई गं" म्हणालास आणि पुढच्याच क्षणी मला म्हणालास, "माझंच ध्यान नव्हतं बे." अंगठ्याला पट्टी बांधून तू उतरलास. सत्तराव्या मिनिटाचा तो कॉर्नर तू एरवी झोपेत पकडला असतास. बॉल हातात आला, अंगठ्यानं साथ सोडली आणि तो त्यांच्या स्ट्रायकरच्या पायाशी पडला. एक-शून्य. बाहेर आल्यावर काका माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "कुशलचा हात नाही पुरला का गा?" मी म्हटलं, बॉल ओला होता, काका. त्या दिवशी मडगावात कडक ऊन होतं. कापसाचा दमटपणा बोटांनी ओळखणारा माणूस तो, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आजही ते खुर्ची घेऊन येतात तेव्हा मी त्यांना नमस्कार करतो आणि लगेच बॉल गोळा करायला लागतो.

पुढचं तू जगभर सांगत फिरतोस. ऑपरेशन झालं, उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये, प्रणाली लहानग्या रुचिकाला घेऊन नागपुरात, आणि जितेंद्रनं तुला घास भरवले, आंघोळ घातली, शर्टाच्या गुंड्या लावल्या. हे सगळं मी केलं, खरं आहे. पण ते कशासाठी केलं ते तुला माहीत नव्हतं. त्या मोसमातले लीगचे उरलेले पाच सामने मी खेळलो. बरा खेळलो. बाकावरून सगळ्यात जोरात तूच ओरडायचास, प्लास्टरचा हात कठड्यावर आपटत. त्या खेळावर क्लबनं मला आणखी एक वर्ष ठेवलं. तुझा अंगठा मात्र पुन्हा पूर्ण मिटला नाही. तू पुढे पाच वर्षं खेळलास, चांगला खेळलास, पण शिबिराचं बोलावणं कधी आलं नाही. अजूनही पाण्याची बाटली तू न बोलता माझ्यापुढे करतोस आणि मी झाकण उघडून देतो. रुचिकाच्या प्रत्येक वाढदिवसाला केक कापून झाला की तू माझ्या गळ्यात हात टाकून सगळ्यांना सांगतोस, "अंगठा गेला, पण भाऊ भेटला." लोक टाळ्या वाजवतात. मी दरवेळी प्लेट ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जातो. तुला कधी वाटलं नाही का रे, हा दरवेळी तेव्हाच आत काहून जातो?

खेळ सुटल्यावर तू मला या ग्राउंडवर आणलंस. पुन्हा तूच. "पोरी आहेत, शिकव त्यांना, माझ्यापेक्षा तुझा पाय बरा," म्हणालास. मी येऊन राहिलो आणि पहिल्यांदा मला माझं काम आवडायला लागलं. आता रुचिकाबद्दल. तुझी पोट्टी चांगली आहे, तिला उडी आहे, आवाज आहे. पण कन्हानची भैरवी तिच्यापेक्षा वर्षभर मोठी आणि दोन पावलं पुढे आहे. तिची आई मनकर्णाबाई तिला पहाटेच्या बसनं घेऊन येते आणि सराव होईपर्यंत झाडाखाली भाजी निवडत बसते. टीम निवडताना मी तुला विचारलं होतं, तर तू म्हणालास, "जे चांगलं त्याले उभं कर, माझी पोट्टी म्हणून पाहू नको." म्हणून मी भैरवीला पहिली केलं आणि रुचिकाला दुसरी. रुचिकानं पिवळं बनियन घातलं. पण दर सामन्याला कुणी ना कुणी तिला येऊन विचारायचं, कुशलची मुलगी ना तू, मग बाकावर कशी? ते विचारणं मी ऐकत होतो. त्यानं काय होते ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार, पण मी तिला चार शब्द बोललो नाही. ही माझी दुसरी चूक.

गेल्या महिन्यात वर्ध्याच्या मुलींविरुद्धचा सामना झाला, त्याचे फोटो तू शंभर जणांना पाठवलेस. 'वाघाची वाघीण' असं खाली लिहिलंस. रुचिका त्या दिवशी खेळली कारण भैरवीचं मनगट ऐनवेळी सुजलं होतं. ते कसं सुजलं ते फोटोत नाही. मी गोलच्या मागे उभा होतो. भैरवी वाकून ग्लोव्हजची पट्टी आवळत होती आणि रुचिकानं शेवटच्या पाचातला एक बॉल तिच्यावर जोरात मारला. तिनं आधी पाहिलं, मग मारला. ते पाहणं मी ओळखलं. भैरवीला फार लागलं नाही, आठवड्यात बरी झाली, काळजी करू नको. पण रुचिकानं तीन दिवस धड काही खाल्लं नाही, आणि प्रणालीला वाटलं जिंकल्याच्या आनंदानं भूक मेली.

चौथ्या दिवशी सराव झाल्यावर मी तिला गोलपोस्टजवळ बसवलं आणि विचारलं. तिनं पहिले नाहीच म्हटलं. पाय निसटला म्हणाली. मग मी तिला मडगाव सांगितलं, सगळं, आता तुला सांगितलं तसं. ठरवून सांगितलं नाही, तोंडातून निघून गेलं. बारा वर्षांत ही गोष्ट ऐकणारं पहिलं माणूस तुझी चौदा वर्षांची पोरगी निघाली. मला वाटलं आता ही उठून जाईल आणि पुन्हा माझं तोंड पाहणार नाही. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं, पप्पाले माहीत आहे का? मी नाही म्हटलं. काहून नाही सांगितलं, म्हणाली. भीती वाटते, एवढंच म्हटलं. तेव्हा ती रडली आणि मीही रडलो, आणि ईश्वरदासकाका खुर्चीवरून विचारत होते की काय झालं, कुणाला लागलं का.

त्या दिवशी तिनंच सौदा केला, कुशल, आणि त्या सौद्यापायी हे पत्र आहे. "मी सांगीन भैरवीले, तुम्ही पप्पाले सांगा." मी हो म्हटलं, म्हटलं लहान पोर आहे, विसरून जाईल. रविवारी ती एकटी बस पकडून कन्हानला गेली आणि मनकर्णाबाईसमोर भैरवीला सगळं सांगून आली. भैरवी उठून आत निघून गेली. अजून तिच्याशी बोलत नाही. रुचिका तरी रोज येते, भैरवीनं सोडलेले बॉल गोळा करते आणि शेवटचे पाच असे हळू देते की डोळे मिटूनही पकडता यावेत. आणि रोज घरी जाताना मला विचारते, लिहिलं? बारा दिवस मी लिहून राहिलो, लिहून राहिलो, असं खोटं बोललो. आज ती शाळेतून थेट इथं आली आणि माझ्यासमोर कागद, पेन, पाकीट आणि तिकीट ठेवून म्हणाली, आता लिहा. तिला रागवू नको, कुशल. काय रागवायचं ते मला रागव, मारायचं तर ये आणि मार, मी ग्राउंडवरच आहे. मला माफ कर असंही म्हणत नाही, ते मागायचं तोंड मला नाही. तिनं मात्र थोड्या दिवसांत जे केलं ते मला बारा वर्षांत जमलं नाही, हे तुला कळावं. आता थांबतो. ती फाटकापाशी सायकल धरून उभी आहे, पत्र पेटीत पडल्याशिवाय घरी जात नाही म्हणते, आणि तिच्या क्लासला उशीर होऊन राहिला आहे.

तुझाच,
जितेंद्र